मावशीची बोटं आणि अध्यक्षांचं फूल

माझ्या मावशीसमोर उभं राहायचं असेल तर अंगावर सुटा धागा, वाढलेला केस किंवा निघत आलेलं लेबल नको. ती बोलता बोलता उपटते. तिला कळतही नाही. पार्लर चालवून चालवून तिची बोटं तशी झालीत, डोक्याला विचारतच नाहीत. एकदा कुरियरवाला सही घ्यायला आला, तर सही होईस्तोवर त्याच्या दोन भुवयांमधलं जंगल साफ. बिचारा डोळ्यांत पाणी आणून "थँक्यू" म्हणून गेला. माझे बाबा तर तिच्याशी बोलताना कानांवर हात ठेवूनच बसतात. त्यांच्या कानांवर केस आहेत, आणि मावशीचा त्या केसांवर जुना डोळा आहे.

शाळा सुटल्यावर मी मावशीकडे राहायला आले. सुटली म्हणजे असं झालं, की गणिताचे सर म्हणाले, "चालती हो." त्यांना वर्गातून म्हणायचं होतं. मी म्हटलं, सांगतायत तर लांबच जाऊ. परत गेलेच नाही.

पार्लर पुढच्या खोलीत. मागे एक अरुंद खोली, तिथे टॉवेल वाफवायचं मशीन, खिडकीला दुधी काच, आणि तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि पसरट कुंड्या, आणि त्यांत मावशीची ऑर्किडं. दिवसभर टॉवेलांची वाफ, उन्हाचा थेट कवडसा नाही, वारा नाही. आम्हाला तिथे पाच मिनिटांत घाम फुटतो, ऑर्किडं मात्र मजेत.

ऑर्किड म्हटलं की लोकांना हॉटेलच्या काउंटरवरची जांभळी फुलं आठवतात. ही तसली नाहीत. ही पानांची ऑर्किडं. पान मखमलीसारखं, काळसर तपकिरी, आणि त्यावर तांब्याच्या तारेने कुणीतरी शिवणकाम केल्यासारख्या रेषा. नुसतं बघितलं तर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पान आहे. पण बाजूने तिरकी बॅटरी मारा. त्या रेषा पेटतात. कुणीतरी पानात चमकी सांडून वरून काच बसवल्यासारखं दिसतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी बोलती बंद झाली होती, आणि ते सहसा होत नाही.

काम सोपं दिसतं, पण सोपं नाही. देठ ठिसूळ आणि जमिनीवर सरपटणारा. सांध्यावर मोडायचा, ओल्या शेवाळावर आडवा ठेवायचा, वर बरणी पालथी घालायची आणि मग गप्प बसायचं. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. पण माझ्या हाताने ठेवलेल्या तुकड्याला पांढरं, केसाळ मूळ फुटलं, त्या दिवशी मी गिऱ्हाइकांनाही ओढून ओढून दाखवलं. एका बाईच्या तोंडाला फेसपॅक होता, तिला काही दिसत नव्हतं, तरी ती "वा" म्हणाली.

आणि मावशीचा एक नियम. फुलाची काडी दिसली की खुडायची.

"फूल आलं की झाड सगळी ताकद तिकडे लावतं," ती म्हणते. "पानं उतरतात. आणि फूल तरी काय, एवढंसं पांढरं, मध्ये पिवळं वाकडं. किडक्या दातासारखं. त्याच्यासाठी माझ्या पानांनी का झिजायचं?"

आता बाबांचं. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांना सगळं तोलून लागतं. एक दिवस ते मला न्यायला आले. मागच्या खोलीत उभे राहिले, दोन्ही कानांवर हात.

"हे काय?"

"ऑर्किड," मी म्हटलं.

"फूल कुठंय?"

"खुडलं," मावशी म्हणाली.

"फुलाचं झाड लावायचं आणि फूल खुडायचं," बाबा म्हणाले. "आणि हे शिकायला हिने शाळा सोडली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, गावातल्या हॉलमध्ये दरवर्षी झाडांचं प्रदर्शन असतं, तिथे ऑर्किडचं वेगळं टेबल असतं, मधोमध, लाल कापडाचं. यंदा माझ्या हातचं झाड त्या टेबलावर बसवून दाखवते.

"बसलं तर?"

"तर मी इथेच राहणार. शाळेचं नाव काढायचं नाही."

"नाही बसलं तर दुसऱ्या दिवशी दप्तर," बाबा म्हणाले. "काटा स्थिर झाला. आता हलवायचा नाही."

ते गेल्यावर मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं ठिणगे, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या टेबलाचा नियम ठाऊक आहे का तुला?"

नव्हता ठाऊक. मग तिने सांगितला. प्रदर्शनाचे अध्यक्ष म्हणजे दातांचे जुने डॉक्टर, अर्ध्या गावाच्या तोंडात त्यांचं सिमेंट आहे. मागच्या वर्षी मावशी तिची सगळ्यात सुंदर कुंडी घेऊन गेली होती. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "मॅडम, ऑर्किडच्या टेबलावर फूल लागतं. उमललेलं, आणि झाडाचं स्वतःचं. हे पानांच्या टेबलावर ठेवा." पानांचं टेबल म्हणजे जिन्याखाली, झाडूच्या शेजारी. मावशी कुंडी उचलून घरी आली, पुन्हा तिकडे फिरकली नाही.

झालं. मला फूल लागणार आणि मावशी फूल राहू देणार नाही.

पण मावशीची उंची कमी आहे. सगळ्यात वरच्या फळीला तिचा हात पोचत नाही, तिथलं पाणी मीच बघते. माझ्या हातच्या एका कुंडीत काडी डोकं वर काढायला लागली होती. मी ती कुंडी गुपचूप वरच्या फळीवर, केसांच्या रंगाच्या रिकाम्या खोक्यांमागे नेऊन ठेवली. मावशी खाली पटापट काड्या खुडत होती आणि वर एक काडीबाई आरामात वाढत होती.

"वरती कोणाला काडी आली का गं?" मावशी विचारायची.

"छे. वरचे सगळे आळशी आहेत."

प्रदर्शनाच्या सकाळी काडीवर पांढरी फुलं उमलली होती, अगदी वेळेवर. विगचा उंच खोका असतो, त्यात मी कुंडी बसवली. मावशीला म्हटलं, अध्यक्षांशी मी बोलते, तू फक्त सोबत ये. ती तोंड वाकडं करून आली, पर्स बगलेत घट्ट धरून.

हॉलचं दार अजून लोकांना उघडलं नव्हतं. ज्यांची झाडं होती तेवढेच आत. अध्यक्ष लाल टेबलाशी उभे होते, आणि टेबलाच्या मधोमध त्यांचं स्वतःचं झाड. अख्ख्या झाडाला एकच फूल, पण केवढं, बशीएवढं, गुलाबी, झालरवालं. ते त्याच्यापासून हलतच नव्हते, कुणी जवळ गेलं की हात आडवा.

मी खोका टेबलावर ठेवला. "डॉक्टर, आमचं ऑर्किड. उमललेलं फूल, झाडाचं स्वतःचं. बघून घ्या."

आणि झाकण काढलं.

अध्यक्ष बघायला वाकले. त्यांच्याआधी मावशी वाकली. तिला काडी दिसली. मी "मावशी, नको" म्हणेपर्यंत टक्. फुलांसकट काडी तिच्या चिमटीत.

मावशी चिमटीकडे अशी बघत होती, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं बोट आहे.

"आत्ता होतं," मी अध्यक्षांना म्हटलं. "तुम्ही बघितलंत."

"होतं," ते म्हणाले. "आता नाही. पानांचं टेबल जिन्याखाली."

आणि ते दारातल्या पाट्या सरळ करायला निघून गेले.

मी मावशीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हळू आवाजात बोलले, म्हणजे जास्तच वाईट बोलले. बाबा दार उघडलं की येणार होते. उद्या दप्तर. गणित. ते सर.

"अगं, माझे हात..." मावशी म्हणाली.

"हात खिशात घाल."

"ह्या ड्रेसला खिसे नाहीत."

ती रडवेली झाली होती. रडवेली झाली की तिची बोटं आणखी चालतात. ती टेबलाला टेकली, माझी समजूत घालायला लागली, "हे बघ, मी बोलते भावोजींशी, मी सांगते त्यांना..." आणि सांगता सांगता अध्यक्षांच्या झाडावर काहीतरी पांढरं, सुकलेलं, खपलीसारखं चिकटलेलं होतं ते तिने नखाने खरवडलं.

गुलाबी फूल तिच्या तळहातावर येऊन पडलं.

आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. दारातून अध्यक्ष धावत आले. ह्या वयात ते इतकं पळू शकतात, मला वाटलं नव्हतं.

"काय केलंत! काय केलंत हे, मी पोलिसांना..."

मी मात्र देठाकडे बघत होते. फूल मोडलं की देठ ओला दिसतो. हा सुकलेला होता, आणि त्याच्या टोकाला पांढरा चुरा. मी नाक जवळ नेलं. लवंगेचा वास. दाताची फट भरताना खुर्चीत येतो ना, तोच.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे फूल झाडाला आलंय की बसवलंय?"

अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला. इकडेतिकडे बघून ते टेबलावर वाकले. "गाडीत मोडलं गं. सकाळी. पुढच्याने ब्रेक मारला. कितीतरी वर्षांनी आलं होतं ते. ह्याच झाडाचं आहे, शपथ. मी फक्त परत..."

"फट भरलीत."

त्यांनी मान खाली घातली. मला आता आवाज चढवायचा होता, हॉलभर ऐकू जाईल असा. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मावशीने पर्स उघडली.

"फुलाच्या देठाला सिमेंट लावतात का कधी?" ती म्हणाली. तिचा पार्लरमधला आवाज परत आला होता. "सुकलं की खपली पडणारच. धरा फूल. असं नाही, खालून. आणि श्वास रोखा, तुमच्या श्वासाने हलतंय."

पर्समधून तिने बारकी ट्यूब काढली. खोट्या पापण्यांचा गोंद. चिमट्याने जुना चुरा उचलला, टोकाला थेंब लावला, फूल टेकवलं, आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर मारावी तशी हळूच फुंकर मारली. अध्यक्ष श्वास रोखून लाल झाले होते.

"सोडा आता. नवरी दिवसभर रडली तरी ह्या गोंदाची पापणी हलत नाही."

फूल बसलं. खरं सांगायचं तर आधीपेक्षा ऐटीत बसलं.

"मॅडम, तुमचे उपकार..." अध्यक्ष म्हणाले.

"उपकार तिचे झाले," मी म्हटलं. "आता माझं बोला. नियमात उमललेलं फूल आहे, झाडाचं स्वतःचं. चिकटवलेलं चालतं असं काही मी ऐकलं नाही. दारातल्या लोकांना विचारून येऊ?"

"ठिणगे," मावशी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप." पण पाय मात्र तिने माझ्या पायावर दिला नाही. एरवी देते.

अध्यक्षांनी एकदा गुलाबी फुलाकडे बघितलं, एकदा आमच्या पानांकडे. मग स्वतःचं झाड थोडं सरकवलं, आणि माझी कुंडी उचलून लाल कापडावर, त्याच्या शेजारी ठेवली.

"पण लोक विचारतील, ह्याला फूल कुठंय. मी काय सांगू?"

"खिशात बॅटरी आहे ना? दात बघायची?" मी म्हटलं. "तिरकी धरा पानावर."

त्यांनी धरली. बॅटरी इकडून मारली, तिकडून मारली, चष्मा काढून मारली. "मागच्या वर्षी हेच होतं?" त्यांनी मावशीला विचारलं.

"ह्याची आई होती," मावशी म्हणाली.

दार उघडलं. बाबा सगळ्यात पुढे. सरळ लाल टेबलाकडे आले, कुंडी बघितली, मला बघितलं, मावशीला बघून कानांवर हात ठेवले.

"टेबलावर आहे," ते म्हणाले. "पण फूल कुठंय? फुलाशिवाय कसं ठेवलं?"

मी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"फूल?" ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की शेजारचे पण वळले. "अहो, ह्या जातीत फूल म्हणजे माळ्याचा हलगर्जीपणा. जाणकार माणूस फूल ठेवतच नाही. मी तर फूल असलेलं नाकारतो." हे त्यांना दहा मिनिटांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं, पण दात काढताना "दुखणार नाही" म्हणायची सवय असलेला माणूस. त्यांनी बॅटरी बाबांच्या हातात दिली. "तिरकी धरा. स्वतः बघा."

बाबांनी एका हाताने बॅटरी धरली, दुसऱ्या हाताने चष्मा नाकावर दाबला, एक डोळा मिटला, आणि काट्याचं माप बघतात तसे पानाच्या पातळीला वाकले. रेषा पेटल्या. बाबा तसेच राहिले. काटा थरथरत असला की ते बोलत नाहीत.

"हे तू केलंस?" शेवटी त्यांनी विचारलं, पानावरून नजर न काढता.

"तुकडा मी लावला. बरणी मी घातली. आणि गप्प पण मीच बसले."

"गप्प बसलीस," बाबा म्हणाले. त्याचंच त्यांना जास्त नवल वाटलं असावं. "मग राहा."

एका हातात बॅटरी, एक हात चष्म्याला. दोन्ही कान उघडे. हे मी बघितलं, आणि मी बघितलं ते मावशीनेही बघितलं. सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं.

बाबा असे केकाटले की अख्खं टेबल हललं. अध्यक्षांनी घाबरून डोळे मिटून घेतले.

गुलाबी फूल जागचं हललंही नाही. पापण्यांचा गोंद.