बाहेरून लावलेली कडी

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी सात-आठ माणसं जमत. प्रत्येकाच्या घरी स्मृतिभ्रंश झालेलं कुणीतरी होतं. बायकोला सांभाळणारे ताहर, ज्यांना सगळे आदराने सी ताहर म्हणत, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "इथलं बोलणं इथंच राहील. नाहीतर आपण मोकळं व्हायचं कुठे?"

नाजिहा तिथे गेली ती मावसबहीण विदादच्या आग्रहाने. विदाद सासऱ्यांचं करत होती. नाजिहाची आई शेदलिया आता लेकीला ओळखत नसे, "ए बाई" म्हणे आणि सारखी चपला घालून माहेरी निघे.

एका गुरुवारी नाजिहाने धीर करून सांगून टाकलं. "आईने हाताला चावा घेतला. मी तिला खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली. ती दार बडवत होती आणि मी अंगणात बसून चहा प्यायले. पूर्ण पेला. सावकाश."

मग एक बाई म्हणाली, "मी न्हाणीघरात जाऊन ओरडते." विदादने नाजिहाचा हात हातात घेतला. कितीतरी दिवसांनी नाजिहाला हलकं वाटलं.

रविवारी धाकटा भाऊ मुन्सिफ सूस शहरातून गाडी घेऊन आला. वाढलेलं कुसकुस तसंच राहिलं.

"आईला कोंडून चहा ढोसतेस? पूर्ण पेला?"

नाजिहाने पळी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"विदादला राहवलं नाही. ती तुझ्यासारखी दगड नाहीये."

"एवढ्या वर्षांत तू आईला एकदा तरी आंघोळ घातलीस?"

"विषय बदलू नकोस!"

त्याने आईचे कपडे भरले. "माझा भाऊ न्यायला आलाय," असं शेजारणीला सांगत आई गाडीत बसली. लेकीकडे तिने वळूनही पाहिलं नाही. आजार आहे हे ठाऊक असूनही नाजिहाला ते लागलंच.

गुरुवारी विदाद नेहमीच्या जागी बसली होती. "अगं, तुझ्याच भल्यासाठी केलं. किती थकली होतीस तू."

"थकले होते म्हणूनच तुझ्यासमोर बोलले ना! एक दुपार आईपाशी येऊन बसली असतीस, तर मानलं असतं."

विदाद रडू लागली. सी ताहर खाली बघत म्हणाले, "विदाद, आज तू घरी जा." ती गेली. पण नंतर कुणी मनातलं काही काढलं नाही. मासळी महागली, ऊन वाढलं, एवढंच बोलणं झालं.

महिनाभरात मुन्सिफचा फोन आला. "ताई, ती माझ्या पोरांना चोर म्हणते. जेवत नाही. बायको माहेरी निघून गेली. तू काय करायचीस गं?"

"समोरून धरू नकोस, घाबरते. शेजारी बसून आधी तू खा. पाव तेलात भिजवून दे."

"तिला परत आणू?"

"आण."

"विदाद म्हणत होती, ती मदतीला—"

"तिचं नाव काढू नकोस."

आई परत आली. सी ताहर मधूनमधून बायकोला घेऊन येत. दोघी म्हाताऱ्या वाटाणे सोलत बसत आणि तेवढ्यात नाजिहा डोळे मिटून पडे.

"कशी आहेस पोरी?" ते विचारत.

"बरी आहे, सी ताहर," ती म्हणे. याहून जास्त तिने पुन्हा कुणालाच काही सांगितलं नाही.