दुधाचा पेला

मोठ्या डॉक्टरांनी पेला सिस्टरच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमच्या हातचंच घेतील त्या."

खरंच होतं ते. तिकीटबाई वॉर्डात कुणाच्याच हातचं खात नव्हत्या. उभा जन्म सिनेमाच्या तिकीटखिडकीत काढलेली ही बाई. लेक आपल्या जेवणात काहीतरी कालवते, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि अन्नपाणी तुटलं. गोळ्या तर तोंडात घातल्या की थुंकून टाकायच्या. विश्वास बसला तो एकट्या सिस्टरवर. का, ते कुणालाच कळलं नाही.

औषध दुधात विरघळवायचं ठरलं. लेकीने रडत होकार दिला. सिस्टरने डॉक्टरांना विचारून पाहिलं, हे ठरवायचं कुणी, आणि बाईंना कधी सांगायचं का? ते म्हणाले, पेशंटचं हित पाहायचं, बाकी तारतम्याने घ्यायचं. तारतम्य सिस्टरच्या वाट्याला आलं. पेला तिच्याच हातात होता.

बाई दूध प्यायल्या. रोज पीत गेल्या. हळूहळू डोळ्यांतली भीती ओसरली, केस विंचरू लागल्या, शेजारच्या खाटेवरच्या मुलीला जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगू लागल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. मग एका दुपारी त्यांनी शांतपणे विचारलं, "सिस्टर, दुधात काही असायचं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. सिस्टरच्या जिभेवर ते आलंही होतं.

"हो. औषध असायचं."



"म्हणजे तेवढ्यापुरती तरी मी वेडी नव्हते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गोळ्या त्यांनी स्वतः मागून, निरखून घेतल्या. सिस्टरच्या हातून मात्र कधीच नाही. बऱ्या होऊन घरी गेल्या, तेव्हा निरोप सगळ्या वॉर्डाचा घेतला, तिचा सोडून.

पुढे अशा पेचांत कसं वागावं याची नवी नियमावली करायला इस्पितळाने समिती नेमली. सिस्टरलाही बोलावलं. तिने एकच गोष्ट लावून धरली. लपवून औषध द्यायचं ठरवलं, तर ज्याने ठरवलं त्यानेच पेशंट सावरल्यावर तोंडाने सांगावं. पेला धरणाऱ्यावर ढकलू नये. मोठे डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं सांगत सुटलो तर आपल्यावर विश्वास कोण ठेवील?" कुणी हसलं नाही. छापून आलं ते असं: सर्व बाबींचा साकल्याने विचार करून योग्य तो निर्णय घ्यावा.

त्यानंतर लेक आईला तपासणीसाठी घेऊन आली. आईला बाहेर बाकावर बसवून ती सिस्टरकडे आली. आई छान आहे, म्हणाली. वेगळी चूल मांडलीय, स्वतःचं स्वतः रांधते, डबे कुलपात ठेवते. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर चाललं नसतं का हो?"

सिस्टर लेकीबरोबर दारापर्यंत गेली.

ऊन कडक होतं. लेकीने पाण्याची बाटली उघडून आईपुढे धरली. बाईंनी नकारार्थी मान हलवली, उठल्या, आणि आवार ओलांडून कोपऱ्यातल्या नळाशी गेल्या. वाकून ओंजळीने पोटभर पाणी प्यायल्या, रुमालाने तोंड पुसलं आणि ताठ मानेने परत येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.