वीसपर्यंत मोजून धुतलेला हात

वाटूरजवळच्या त्या वस्तीत हात धुवावेत तर पुंजारामनंच. नळाखाली उभा राहून बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं वीसपर्यंत मोजून धुणार. कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली, पण गडी काही सोडायला तयार नाही. वर भेटेल त्याला सांगणार, "माह्या सुनेनं शिकवलं म्हणून वाचलो. न्हाईतर माह्या बायकोच्या, साळूच्या मागं आम्ही सगळेच गेलो असतो!"

सून म्हणजे दीपमाला, गावची आशाताई. एरवी हे ऐकून तिला बरं वाटायचं. आज ती तालुक्याला प्रशिक्षणाला जाऊन आली होती, आणि आज तिला ते ऐकवेना.

प्रशिक्षणात डॉक्टर सहज बोलून गेले होते, की तो आजार हातापेक्षा हवेतून जास्त पसरला, बंद खोली सगळ्यात वाईट. तिनं विचारलं, "सर, हे कधी कळलं?"

"काही शास्त्रज्ञ पहिल्या वर्षापासून सांगत होते, ताई. आपल्या पत्रकात यायला उशीर झाला."

उशीर झाला म्हणे! मग चहा आला आणि सगळ्या बाया चहा प्यायल्या.

दीपमालाला मात्र दुसऱ्या लाटेतली भीमजयंती आठवत राहिली. मिरवणूक बंद, विहार बंद, म्हणून तिच्याच घरात अकरा बाया वंदनेला जमल्या होत्या. दारात साबण ठेवून तिनं एकेकीचे हात तपासले, फरशीवर खडूनं गोल आखून त्यात बसवलं. वंदना म्हणायला लागल्यावर मास्क हनुवटीवर आले. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून खिडकी लावली. सासू साळूबाई म्हणाली, "जीव कोंडून राह्यला गं, उघड जरा."

"आत्या, सगळ्यांचे हात धुतलेत. कायबी होत न्हाई."

पंधरा दिवसांत साळूबाई गेली. दीपमालाला पोटच्या लेकीसारखं जपणारी बाई, हां हां म्हणता गेली.

आज पुंजाराम नळावर हात धूत होता, तिथंच दीपमालानं सगळं सांगितलं. "मामा, ते हवेत होतं. आत्या खिडकी उघड म्हणल्या, म्या उघडली न्हाई. माह्यामुळं गेल्या त्या." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

पुंजाराम ओल्या हातानंच ओट्यावर बसला.

"तू न्हाई, माय," तो म्हणाला. "तुम्ही डोळे मिटून बसल्या होत्या. साळूनं हळूच खिडकी उघडली होती. म्या बाहेर राखणीला बसलो होतो. तिनं गजातून हात काढला, मला खुणावलं, उघडी राहू द्या म्हणून. म्या तो हात आत सारला आन् खिडकी बाहेरून रेटून लावली. म्हणलं, तुहा नियम मोडाया नको."

त्यानं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"साबणाचा वास येत होता गं तिच्या हाताला. चांगला वीसपर्यंत मोजून धुतला होता तिनं."