न वाचता केलेली सही

मित्रांनो, मी एक जुना चष्मा. उजवी दांडी दोऱ्याने बांधलेली आहे म्हणून हसू नका. देशाच्या एका मंत्र्याच्या नाकावर बसून आलोय मी, समजलं?

ठाण्यात, स्टेशनजवळच्या दुकानात मला बनवून घेतलं, तेव्हा कोपरीच्या चाळीतले कुंडलिकराव साधे नगरसेवक होते. त्यांची आई भीमाबाई निरक्षर. कुणाच्या तरी शब्दावर तिने एका कागदावर अंगठा उठवला आणि राहती खोली गेली. तेव्हापासून कुंडलिकरावांचा नियमच होता, की आणलेला कागद आणणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच सही. दर रविवारी गॅलरीत रांग लागायची. घामाने मी घसरायचो, पण काय मान होता माझा! चष्मा लावला की साहेब नीट बघणार, असं लोक म्हणायचे.

मग कुंडलिकराव दिल्लीत मंत्री झाले आणि मुकुल नावाचा सल्लागार आला. हुशार आणि गोडबोल्या. तीनशे पानं कशाला वाचता, मी एका पानात सारांश देतो, म्हणाला. तोही मोठ्या अक्षरांत! माझी गरजच संपली. ते पान बांधकाम कंपनीची माणसंच लिहून आणायची, हे मी खिशातून ऐकत होतो. पण चष्म्याला कोण विचारतो? पुढे कोपरीच्या घरी मला टेबलाच्या खणात टाकलं.

गेल्या महिन्यात कोलशेतच्या सगुणाबाई तिथे आल्या. त्यांच्या तीन पिढ्या मिठागरात राबल्या. आता ती सरकारी जमीन त्याच बांधकाम कंपनीला मिळाली होती आणि कडेची त्यांची वस्ती उठणार होती. हुकमाचा कागद त्यांनी पुढे धरला.

"कुंडलिक, ही सही तुजीच ना? मंग काय लिवलंय तं वाचून दाखव."

कुंडलिकरावांनी खण उघडून मला लावलं. त्यांचा नंबर कधीच बदलला होता. कागद लांब धरला, जवळ धरला, अक्षर काही लागेना. शेजारी उभा असलेला मुकुल मोबाईलमध्ये बघून सारांश वाचू लागला, तेव्हा सगुणाबाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

कुंडलिकरावांनी मला काढून टेबलावर ठेवलं. "माझ्या आईला निदान वाचता येत नव्हतं," ते हळूच म्हणाले.

सगुणाबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या निघून गेल्या. सही काही मागे घेतली गेली नाही. कंपनीला शब्द दिला होता म्हणे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, मी काचेचा, आज ना उद्या फुटेन. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून आपल्या हाताने सही करू नका. सोमवारी ती वस्ती उठते आहे, आणि मी पुन्हा खणात आहे.