एका कानावरचं रेकॉर्डिंग

कोल्हारच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून शोभाताई मुळे निवृत्त झाल्या, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्या भाचीनं, मनवानं, त्यांना कामाला लावलं. मनवा पुण्यात अंध मुलांसाठी बोलती पुस्तकं करणाऱ्या एका संस्थेत होती. नववीचा भूगोल वाचायला तिला कोणी मिळत नव्हतं. जे मिळत होते ते बातम्या दिल्यासारखे वाचत होते. एका रविवारी ती माईक घेऊन आली, लॅपटॉपवर कुठलं बटण कधी दाबायचं ते वहीत लिहून दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

घरात मनमाड रस्त्याचा आवाज न येणारी एकच जागा होती, गाद्यांची खोली. तिथं तीन बाजूंनी गाद्या आणि गोधड्यांच्या चळती होत्या, चौथ्या बाजूला धान्याची कोठी. शोभाताईंनी मधे स्टूल टाकलं, माईक कोठीवर ठेवला आणि वाचायला बसल्या. अडचण आली ती ऐकताना. नृसिंहराव, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरताना कानात बिनवायरचे इअरबड घालून भजनं ऐकत. तेच त्यांनी बायकोला दिले. पण त्यांत शोभाताईंचा स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा पोचायचा. आपल्या मागून कोणीतरी आपली नक्कल करत चालल्यासारखं व्हायचं, आणि त्या दर ओळीला अडखळायच्या.

मनवानं फोनवर सांगितलं, की वायरचा चांगला हेडफोन घ्यावा लागेल. नृसिंहरावांनी लगेच मोबाईल उघडला. तिथं शेकडो हेडफोन होते आणि प्रत्येकाखाली लोकांनी चांदण्या दिल्या होत्या. अर्धा तास बघूनही दोघांना काही उमगेना.

"मी नगरला जाऊन आणते," शोभाताई म्हणाल्या. "कानाला लावल्याशिवाय कसं कळणार?"

नृसिंहरावांना एवढ्यासाठी नगर गाठणं पटलं नाही. शोभाताईंनी त्याआधीच सोनईला सरवरीला फोन केला होता. सरवरी त्यांची कॉलेजातली मैत्रीण. तिच्या थोरल्या भावाचं साऊंड सर्व्हिसचं दुकान माळीवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं. ते अजून आहे का, एवढंच विचारायचं होतं. सरवरी म्हणाली, दुकान तिथंच आहे, भाईपण तिथंच आहे, फक्त दोघांचा रंग उडालाय.

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर होतं आणि कंडक्टर नगर, नगर म्हणून ओरडत होता. खिडकीशी बसून राहुरीपर्यंत शोभाताई त्या दुकानाचाच विचार करत राहिल्या.

चौऱ्याऐंशी साली त्या वीस वर्षांच्या होत्या. सरवरीचा भाऊ फक्रुद्दीन तेव्हा रिक्षांवर लावायच्या जाहिराती रेकॉर्ड करायचा. साड्यांचा सेल, नवं ज्यूस सेंटर, गावोगावचे बैलबाजार. त्याला बाईचा आवाज हवा होता आणि नगरात कोणी बाई तयार होत नव्हती. सरवरीनं मैत्रिणीला दुकानामागच्या खोलीत नेलं. खोलीच्या भिंतींना सरवरीच्या आईनं शिवलेल्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. फक्रुद्दीन हेडफोन लावून टेपपाशी उभा राहायचा. एखादा शब्द फुटला की बोट वर करायचा, शोभा पुन्हा वाचायची. सरवरी दाराशी बसून शेंगा सोलायची, त्यामुळे लोकांना काही बोलायला जागा नव्हती.

शोभाचे वडील संस्कृतचे शिक्षक होते आणि सकाळी एका देवळाची पूजाही करायचे. मुलीचा आवाज रिक्षावर फिरतो हे त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार ती करायचीच नाही. एकदा सगळे जेवायला बसले असताना खालून रिक्षा गेली. साड्यांवर विशेष सवलत, शनिवारपर्यंतच. वडिलांचा घास हातातच थांबला. ते आईला म्हणाले, "ही बाई कोण आहे कोण जाणे, पण शनिवारातला श आणि विशेषातला ष वेगळा उच्चारते. आमच्या शाळेतल्या मास्तरांना जमत नाही." शोभानं मान ताटात घातली आणि भात संपेपर्यंत वर केली नाही. वडील वारले तोवर तिनं त्यांना सांगितलं नाही. पुढं लग्न झालं, कोल्हार आलं, नोकरी आली, आणि दोन वर्षं केलेल्या त्या कामाचं गुपित गुपितच राहिलं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. फक्रुद्दीनभाई काउंटरमागं बसून एका माईकची जाळी साफ करत होते. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं नाही. शोभाताई म्हणाल्या, हेडफोन बघायचाय. तो आवाज ऐकला आणि त्यांचे हात थांबले.

"शोभाताई," ते म्हणाले. "बसा. आधी चहा."

चहा पिताना त्यांनी सगळं विचारून घेतलं: कुठं रेकॉर्ड करता, खोली केवढी, माईक कुठला, चष्मा कायम लागतो का. शोभाताईंनी त्या जुन्या जाहिरातींतली एखादी टेप आहे का म्हणून विचारलं. गाडीत बसल्यापासून त्यांच्या मनात तेच होतं. भाईंनी नकाराची मान हलवली. टेप महाग होती, त्यांनी सांगितलं, एक जाहिरात संपली की त्याच टेपवर दुसरी. साड्यांवर ज्यूस, ज्यूसवर बैलबाजार. शेवटी त्या टेपा झिजून तुटल्या. म्हणजे तो आवाज आता कुठंच नव्हता. शोभाताईंनी कप खाली ठेवला.

मग भाईंनी तीन हेडफोन काढले. एका माईकसमोर शोभाताईंना बसवलं आणि पहिला त्यांच्या कानांवर चढवला. शोभाताई दोन वाक्यं बोलल्या आणि खूश झाल्या. आवाज असा भरदार झाला होता, की जणू एखाद्या मोठ्या सभागृहातून येतोय.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

"हा खोटं बोलतो," भाई म्हणाले आणि काढून घेतला. "खालचा घुमारा हा स्वतःच्या पदरचा घालतो. गाणी ऐकायला लई भारी. पण तुमची चूक झाली तर ती तुम्हाला न्हाई ऐकू येणार, ऐकणाऱ्याला येणार."

दुसरा हलका होता, कानावर आहे की नाही कळू नये इतका. त्याच्या वाट्यांना मागून जाळी होती आणि आवाज मोकळा यायचा. भाईंनी तोही नाकारला. त्यातला आवाज बाहेर सांडतो आणि माईक तो पुन्हा उचलतो, हे त्यांनी तिथंच रेकॉर्ड करून दाखवलं. शोभाताईंच्या आवाजामागं त्यांचाच आवाज पुटपुटत होता.

तिसरा साधा, काळा, बंद वाट्यांचा. वायर लांब आणि जाड. त्यात आवाज सपाट आला. श्वास ऐकू आला, जीभ टाळूला लागल्याचा टकटक आवाज आला. शोभाताईंना तो आवडला नाही, पण तो खरा आहे हे कळलं. फक्त एक गोष्ट खटकली.

"याचा उजवा कान कमी वाजतो," त्या म्हणाल्या.

भाईंनी स्वतः लावून पाहिलं. त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी तो परत शोभाताईंना दिला, या वेळी उलटा, डावी वाटी उजव्या कानावर. शोभाताई बोलल्या. उजवी बाजू तशीच मंद होती. भाईंनी पहिला हेडफोन पुन्हा आणला, तोही उलटसुलट करून लावला. मग ते सावकाश समोर येऊन बसले.

"हेडफोन बरोबर हाय, शोभाताई. तुमचा उजवा कान कमी ऐकतोय."

शोभाताईंनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. त्यांना शाळेची शेवटची पाच-सहा वर्षं आठवत होती. त्यांच्या उजव्या हाताच्या बाकांवरची मुलं पुटपुटतात, तोंडातल्या तोंडात उत्तर देतात, अशी त्यांची कायम तक्रार होती. त्यावरून त्यांनी मुलांना उभं केलं होतं. एका मुलीला सगळ्या वर्गासमोर तीनदा तेच उत्तर म्हणायला लावलं होतं. ती शेवटी रडली होती आणि तेव्हाही शोभाताईंना तिचं रडणं लटकं वाटलं होतं.

"मग राहू दे," त्या उठत म्हणाल्या. "मला हे काम जमायचं नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांगते मनवाला."

भाईंनी त्यांना थांबवलं नाही. ते हेडफोनची वायर गुंडाळत राहिले आणि गुंडाळता गुंडाळता बोलले.

"त्या वेळी माझ्याकडे एकच हेडफोन होता, आठवतो? त्याचा डावा कान मेलेला होता. नवा घ्यायची ऐपत न्हवती. तुम्हाला सांगितलं न्हाई, म्हटलं पोरगी घाबरेल, म्हणेल ह्याला काय कळतंय. तुमच्या सगळ्या जाहिराती मी एका कानावर केल्यात. आख्ख्या नगरनं ऐकल्या. कोणी नाव ठेवलं?"

शोभाताई दारात उभ्या राहिल्या. त्यांना तो वर उठलेला बोटाचा इशारा दिसला, आणि त्यामागचा चोवीस वर्षांचा पोरगा, जो अर्धंच ऐकत होता आणि पूर्ण ऐकतोय असं दाखवत होता. त्यांना हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

भाईंनी समजावून सांगितलं, की बोलण्याचं रेकॉर्डिंग एकाच धाग्याचं असतं, दोन्ही कानांत तेच येतं. एक चांगला कान पुरतो. पण कान डॉक्टरला दाखवायचाच, उद्याच. त्यांनी तिसऱ्या हेडफोनचा पट्टा दोन घरं सैल केला, कारण चष्म्याच्या काड्यांमुळे वाटीची गादी कानावरून उचलली जात होती. वायर साडीला घासून खरखर येते, म्हणून ती खांद्यामागून टाकायची सवय लावायला सांगितली. शोभाताईंनी तिथंच चार वेळा घालून काढून पाहिला. मग घेतला.

घरी गेल्यावर त्यांनी नृसिंहरावांना कानाचं सांगितलं. ते म्हणाले, गेली काही वर्षं मी मुद्दाम तुझ्या डाव्या बाजूनं चालतोय, तुला कळलं नाही होय. आठवड्याभरात दोघं लोणीला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. वयाचं आहे, डॉक्टर म्हणाले, थोडं यंत्रानं सुधारेल, थोडं राहील.

शोभाताईंनी भूगोलाचे पहिले चार धडे तीन आठवड्यांत वाचले. नव्या हेडफोनमध्ये स्वतःला ऐकणं सुरुवातीला जड गेलं. आवाजाला कडा आल्या होत्या, मधेच तो पातळ व्हायचा. रिक्षावरून फिरणारी ती मुलगी यात कुठंच नव्हती. पण हळूहळू त्या आवाजाची सवय झाली, जशी बदललेल्या घराची होते. श्वास मोठा आला की त्या ओळ पुन्हा वाचत. एकेका परिच्छेदाला अर्धा तास जाई. ज्वालामुखीचा धडा त्यांनी अकरा वेळा वाचला. शेवटी मनवाला फोन करून सांगितलं, की पाठवलंय तेच घे आता, यापेक्षा चांगलं मला येणार नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी जामखेडहून फोन आला. ईरा नावाची नववीतली मुलगी होती. मनवानंच नंबर दिला होता. ती अंध होती, पण बोलण्यात भीड नव्हती. तिनं सांगितलं, की चारही धडे तिनं दोनदा ऐकले आणि पाचवा कधी येणार ते विचारायला फोन केलाय. शोभाताईंनी न राहवून विचारलं, की वाचताना श्वास फार ऐकू येतो का, ज्वालामुखीच्या धड्यात आवाज मधेच बसलाय तो खटकला का.

"श्वास कुठला, बाई," ईरा म्हणाली. "आम्ही सगळं दुप्पट वेगानं लावतो. तसंच ऐकायची सवय असते. श्वास-बिस काही राहत नाही त्यात."

 अकरा वेळा वाचलेला धडा त्या मुलीनं अर्ध्या वेळात संपवला होता.

"पण तुमचं कळतं," ईरा पुढं म्हणाली. "बाकीच्यांचं दुप्पट केलं की शब्दांची शेपटं जातात. 'होता' म्हणाले की 'होते' ते समजत नाही. तुमचं शेवटचं अक्षरसुद्धा येतं. म्हणून मी वर्गातल्या सगळ्यांना तुमचंच दिलंय."

फोन ठेवल्यावर शोभाताईंनी नृसिंहरावांना गाद्यांच्या खोलीत बोलावलं आणि ज्वालामुखीचा धडा दुप्पट वेगानं लावायला सांगितला. ते बटण शोधेपर्यंत त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवला. मग त्यांचाच आवाज भरभर धावत सुटला, एखाद्या कावलेल्या चिमणीसारखा, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं. त्या इतक्या हसल्या, की नृसिंहरावांनी काय झालं म्हणून वाकून एक वाटी आपल्या कानाशी ओढली. धडा संपेपर्यंत दोघं तसेच गाद्यांना टेकून उभे होते. मग शोभाताईंनी चष्मा पुसला, पाचवा धडा उघडला आणि नृसिंहरावांना बाहेर जाताना दार लावून घ्यायला सांगितलं.