सैल झाकणाचा डबा

बोटींच्या यार्डात त्यांना सगळे आरसेमामा म्हणत. बोटीच्या अंगाला पॉलिश करावं ते मामांनीच, हे तिथे तीस वर्षांपासून ठरून गेलेलं. आणखी एक रीत होती. चकाकलेल्या बोटीत पहिलं तोंड पाहायचं ते घासणाऱ्याने, मालकाचा नंबर नंतर. या एवढ्याशा मानावर मामांनी आयुष्य काढलं होतं.

पण दोन महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. धरला म्हणजे काय, चक्क संपावर गेला. हात छातीच्या वर जाईना. मामांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही, यार्डात तर नाहीच. मुकादम आधीच सुचवत होता, की या वयात गोदामाच्या दारात खुर्ची टाकून राखण करायला काय हरकत आहे? शनिवारी सकाळी पांढरी बोट पाण्यात जायची होती. ती वेळेत चकाकली नाही, तर खुर्ची नक्की. मामांना त्या खुर्चीची धडकीच भरली होती.

बुधवारी त्यांच्या हातून अशी चूक झाली, की नवख्यालाही शोभली नसती. पॉलिशचं जड मशीन सारखं उचलायला-ठेवायला नको म्हणून त्यांनी अख्ख्या डाव्या बाजूला एकदमच मेण फासलं आणि खांदा चोळत बसले. ऊन चढलं, मेण वाळून दगड झालं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मामांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता स्वतःच्याच पिढ्यांवर यायची पंचाईत.

दुपारी सून डबा घेऊन आली. तिची सुट्टी होती, आणि मामा सकाळच्या गडबडीत डबा घरीच विसरले होते. सून पंख्यांच्या कारखान्यात जोडणीला होती. मुलगी गुणी, पण मामांची तिच्याविषयी एक तक्रार होती: डब्याचं झाकण धड लावत नाही. रोज भाजीचा रस पिशवीत. दिवसभर स्क्रू पिळणाऱ्या बाईला एक झाकण पिळता येऊ नये, असं ते सुनेच्या देखत बायकोला ऐकवत.

सुनेने पाहिलं, मामा डाव्या हाताने उजवा हात सावरत मशीन रेटत होते. हे टांगून का ठेवत नाही, असं तिने विचारलं. मामांनी तिला समजावलं की घाम गाळल्याशिवाय चकाकी येत नसते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःला हवं तेच केलं; या बाबतीत ती सासूच्या वळणावर गेली होती. बोटीच्या कठड्याला दोर बांधला, दोराला आपल्या सायकलच्या कॅरिअरचे रबरी पट्टे, आणि पट्ट्यांना मशीन. ते मामांच्या छातीपाशी लोंबकळायला लागलं. ओढलं की खाली, सोडलं की वर.

“आमच्याकडे स्क्रूची यंत्रं अशीच टांगलेली असतात, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही नुसती वाट दाखवायची. वजन दोर उचलेल.”

मामांनी हात लावला, आणि मशीन पोरासारखं ऐकायला लागलं. जीव थाऱ्यावर आल्यावर त्यांना स्वतःचंच ज्ञान आठवलं: वाळलेल्या मेणाला ओलं मेण लावलं की ते मऊ पडतं. सावली धरून, हातभर हातभर जागा घेत दोघांनी तासाभरात निम्मी बाजू सोडवली.

मग मामा जेवायला बसले. डाव्या हाताने झाकणाला नुसता स्पर्श केला, तर ते निघालंच. मामांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं.

“हे तू मुद्दाम सैल ठेवतेस?”

“घट्ट झाकणाशी झटताना एकदा पाहिलं होतं तुम्हाला. दारातून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगितलं नव्हतं ना,” ती म्हणाली, आणि दोराची गाठ तपासायला उठली.

मामांच्या आता ध्यानात आलं: दोन महिने ही पोर त्यांची बोलणी खात होती आणि त्यांची अब्रू राखत होती.

गुरुवार-शुक्रवार मामांनी एकट्याने दोराच्या जिवावर काम संपवलं. मुकादम दोनदा येऊन टांगलेलं मशीन हलवून बघून गेला. खुर्चीचं नाव निघालं नाही, उलट आणखी एक बोट मामांच्या नावावर लागली.

शनिवारी मालक आला, मुकादम आला, पण मामा काही तोंड बघेनात. कामावर जाता जाता येऊन जा, असं त्यांनी सुनेला बजावलं होतं. ती आल्यावर त्यांनी तिला बोटीपुढे उभं केलं.

“अहो, घासली तुम्ही,” मुकादम म्हणाला.

“घासली मी,” मामा म्हणाले, “पण भार हिने उचलला. आधी हिचं तोंड.”

सुनेने पाहिलं. पांढऱ्याशुभ्र अंगात तिचा चेहरा होता आणि मागे मामांचा, डोळे भरलेला. तिच्या डोक्यावर ठेवायला मामांनी उजवा हात उचलला, पण तो छातीशीच अडला. ते तिच्या लक्षात आलं, आणि ती खाली वाकली.