अंबरनाथच्या टी-स्क्वेअरचं सरळ सांगणं

मी टी-स्क्वेअर. हसू नका. नाव इंग्रजी असलं तरी हाड इथलंच आहे. अंग जुन्या सागाचं, कडेला काळ्या शिसवीची पट्टी आणि डोकं आडवं. डोक्याने आडवा आणि अंगाने सरळ, असा स्वभाव मला जन्मतःच मिळाला. गिरगावातल्या एका कारागिराने मला रंधून, घासून, तेल पाजून तयार केलं आणि दुकानाच्या काचेत टांगलं. तिथून मला विष्णुपंतांनी उचललं.

विष्णुपंत अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. म्हणजे यंत्राचा भाग घडवायच्या आधी तो कागदावर काढणारे. कारखान्यात सरकारी टी-स्क्वेअर होते, पण ते 'परक्याचा हात लागलेले'. म्हणून घरी क्वार्टरमध्ये त्यांनी मला ठेवलं. ड्रॉइंग बोर्डाच्या डाव्या कडेला माझं डोकं टेकवायचं, वर-खाली सरकवायचं आणि माझ्या अंगाला धरून आडव्या रेघा मारायच्या. उभी रेघ हवी असली की तो त्रिकोणी गुण्या माझ्या खांद्यावर चढून बसतो. रेघ चुकली की शिव्या मला, आणि नाचतो कोण, तर गुण्या!

घरात माझी किंमत विष्णुपंतांपुरतीच होती. त्यांच्या पत्नी काशीबाई मला 'ती तुमची काठी' म्हणायच्या. त्यांनी माझ्याकडून फळीवरचा बरणीचं झाकण खाली पाडून घेतलंय, पलंगाखालचं लाटणं बाहेर ओढून घेतलंय, आणि एकदा पालही हाकलून लावलीय. त्या दिवशी विष्णुपंत जेवले नाहीत. मीही नसतो जेवलो, जेवत असतो तर.

मग सुनेत्रा मॅट्रिक झाली आणि वडिलांना म्हणाली, "नाना, मला ड्रॉइंग शिकवा."

"कशाला? कारखान्यात मुलींना कोण घेणार?"

"कारखाना नको. तिकडे उल्हासनगरला बराकी-बराकीतून दुकानं निघतायत. त्यांना काउंटर लागतात, कपाटं लागतात, शोकेस लागतात. सगळं अंदाजपंचे ठोकतात नुसतं. ते मी कागदावर काढून देईन."

विष्णुपंत मिशीत हसले, पण शिकवायला बसले. अहाहा, काय ते शिकणं! कडक पेन्सिलीने फिकी रेघ, मऊ पेन्सिलीने ठळक रेघ, मापाचे बाण कसे, कापलेलं लाकूड दाखवायच्या तिरक्या रेघा कशा. पोरीचा हात हलका. माझ्यावर भार न टाकता रेघ ओढायची. मी मनातल्या मनात तिला कधीच पास केलं होतं.

भांडण व्हायचं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. विष्णुपंतांना सगळं 'थाऊ'मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची खोड. लाकडी फळीलासुद्धा तसलंच माप! आणि सुनेत्रा विचारायची, "नाना, इथे शेठ मांडी घालून बसणार. त्यांचा गुडघा कुठे येईल?"

"गुडघा? ड्रॉइंगमध्ये गुडघा कुठे असतो?"

बरोबरच आहे, यंत्राच्या भागाला कुठले आलेत गुडघे? पण दुकानदाराला असतात ना! सुनेत्रा टेप घेऊन खरोखरच उल्हासनगरला गेली आणि मांडी घातलेल्या शेठजींचा गुडघा मोजून आली. घरी आल्यावर आईने जे काही ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

हे शेठ म्हणजे हासोमल. सक्खरला त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं. फाळणीत ते सुटलं आणि आता बराकीतला एक गाळा हाती आला होता. गाळ्यात त्यांना सगळ्यात आधी हवी होती गल्ल्याची केबिन. लाकडी पेटीसारखी, पुढे पैसे घ्यायची खिडकी, आत गादी, आणि आत जायला बाजूला छोटं दार. "सक्खरमें जैसा था, वैसाच पाहिजे, साईं," म्हणायचे, आणि हवेत हातांनी अख्खं दुकान उभं करून दाखवायचे.

विष्णुपंतांनी मुलीला अट घातली. "हे एक दुकान तुझं. नीट उभं राहिलं तर पुढची कामं खुशाल घे. काही घोटाळा झाला तर बोर्ड बंद, आणि मग आई म्हणेल ते." आई काय म्हणणार होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने डोंबिवलीचं एक स्थळ बघूनसुद्धा ठेवलं होतं.

सुनेत्राने जीव ओतून ड्रॉइंग काढलं. केबिनची डावी बाजू भिंतीला टेकायची आणि दार उजव्या बाजूला. आता गंमत अशी, की विष्णुपंतांच्या कारखान्याची रीत उलटी. वस्तू उजवीकडून बघितली की जे दिसतं ते कागदावर डाव्या हाताला काढायचं. त्यामागे काहीतरी शास्त्र आहे. मी त्यात पडत नाही, मी सरळ माणूस. तर रीतीप्रमाणे दाराचं चित्र आलं कागदाच्या डाव्या अंगाला. सुनेत्राने त्याच्याखाली सुबक अक्षरात लिहिलं, 'उजवी बाजू, दाराची'.

विष्णुपंतांनी रबर घेतलं आणि ते पुसून टाकलं.

"नाना, अहो, सुताराला कळायला हवं ना."

"ज्याला ड्रॉइंग कळतं त्याला असलं लिहून द्यावं लागत नाही. आमच्या ऑफिसात हे बघितलं तर लोक हसतील."

"पण हे तुमचं ऑफिस नाहीये."

"सुनेत्रा!"

संपलं. पोरीने रबराचा कीस फुंकून टाकला. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी नक्की बोललो असतो.

ड्रॉइंग गेलं बदलापूरच्या महिपती सुताराकडे. महिपतीचा हात चांगला, फक्त तो उभी चित्रं तेवढी बघायचा. वरून दिसणारं चित्र, ज्यात दार बरोबर उजवीकडे होतं, ते त्याने बाजूलाच सारलं. "ही कावल्यांची बाजू," म्हणाला. "दुकानात काय कावले येनार हायत?" आणि त्याने केबिन आपल्या अंगणातच बनवली, बैलगाडीत घालून उल्हासनगरला आणली, आणि मुहूर्ताच्या सकाळी भिंतीला चपखल टेकवून उभी केली.

सुनेत्राबरोबर विष्णुपंतही आले होते आणि फळ्या सपाट आहेत का ते बघायला त्यांनी मला आणलं होतं, जुन्या धोतरात गुंडाळून. गुंडाळी सोडली आणि मी बघतो तर काय, केबिनचं दार भिंतीकडे! सुरेख दार, पितळी कडी, पॉलिश असं की तोंड दिसावं. पण उघडणार कुठे? भिंतीत?

हार-फुलं घेऊन पाहुणे आले होते. महाराज पूजेचं ताट धरून उभे. "मुहूर्त जा रहा है," असं तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा हासोमल शेठनी पायजमा वर खोचला आणि ते चक्क खिडकीतून आत चढले. दोन भाच्यांनी खालून रेटलं, एका मेव्हण्याने पाय आत ढकलले. आत गादीवर धप्पकन आवाज आला. पूजा झाली, नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग लक्षात आलं की शेठना बाहेर काढायचंय.

"नक्शा किसने बनाया?" आतून आवाज आला.

महिपती आधीच गरजला, "चित्रात डाव्या अंगाला दार हाय, मी डाव्या अंगाला दार बसवलाय! माजी काय चूक?"

सगळे विष्णुपंतांकडे बघायला लागले. विष्णुपंतांनी घसा खाकरला. "मुलीने काढलंय," ते म्हणाले. "शिकतेय अजून."

अरे देवा! इतकी वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली सरळ राहिलो आणि हा असा वाकडा निघाला. माझं लाकूड जळलं हो नुसतं.

सुनेत्राने वर बघितलं नाही. तिचे कान लाल झाले होते. पण ती रडली नाही, वडिलांशी वाद घातला नाही. तिने पिशवीतून दुकानाच्या अख्ख्या आराखड्याचं ट्रेसिंग काढलं, म्हणजे तो आरपार दिसणारा कागद. तो तिने पालथा केला, खिडकीच्या चौकटीवर ठेवला, फडफडू नये म्हणून मला वर आडवं ठेवलं. पालथ्या कागदावर सगळं दुकान उलटं झालं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

"शेठजी, हे बघा. केबिन समोरच्या, उजव्या भिंतीला नेऊ. मग दार दुकानात उघडेल. कापडाची फळी इकडे येईल, आरसा तिकडे. काहीच कापायचं नाही, काहीच तोडायचं नाही. सगळी मापं बसतात."

शेठ आतून कागदाकडे बघत राहिले. "सक्खरमें गल्ला डाव्या हाताला होता, बेटी."

"माहितीय, शेठजी."

"मेरे बाप का भी वहीं था." मग नाक पुसून म्हणाले, "ठीक है. सक्खर वहाँ रह गया. हटाओ." आणि शेठ आतच असताना भाच्यांनी केबिन ओढायला घेतली. "अरे, मुझे तो निकालो पहले!"

समोरच्या भिंतीला केबिन लागली. दार उघडलं. हासोमल शेठ राजासारखे बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. मांडी घालून बसले तर गुडघा कुठेही आपटला नाही. ते खूष होऊन विष्णुपंतांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "आखिर उस्ताद की बेटी है! गलती भी की, तो सुधार ली."

विष्णुपंत इतके लालबुंद झाले की मला वाटलं आता ह्यांना घेरी येते.

"नाही शेठ," ते म्हणाले. "चूक तिची नाही. दार कुठल्या बाजूला ते तिने नीट लिहिलं होतं. मी पुसलं. आणि मघाशी खोटं बोललो."

महिपतीने तेवढं "बगा" म्हणून घेतलं. सुनेत्रा मला धोतरात गुंडाळत होती, आणि माझ्या शिसवीवर काहीतरी टपकलं. पाण्याने लाकूड फुगतं, मला ते बिलकूल खपत नाही. त्या दिवशी मात्र मी चकार शब्द काढला नाही.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. डोंबिवलीचं स्थळ दुसरीकडे खपलं. माझी कड एका ठिकाणी झिजलीय, तिथे रेघ जराशी उडी मारते. सुनेत्रा तेवढा भाग चुकवून काढते, मला टाकून देत नाही. तुम्हालाही सांगतो, म्हाताऱ्या हत्याराची खोड कळली की ते अजून पुष्कळ काम देतं. टाकायची घाई करू नका.

आत्ताही दारात कोणी मेडिकलवाले आलेत. "ड्राफ्ट्समनसाहेब आहेत का?" म्हणून विचारतायत.

विष्णुपंत पेन्शनीत निघालेत. खिडकीशी बसून पेन्सिलींना टोकं काढतायत. त्यांनी मान वर केली आणि आत हाक मारली, "सुनेत्रा, तुझ्याकडे आलेत गं."

"आले. नाना, टोक आणखी बारीक हवं."

"हो," विष्णुपंत म्हणाले, आणि पुन्हा पातं चालवायला लागले.

शपथेवर सांगतो, ह्या माणसाच्या तोंडून निमूट 'हो' मी आज पहिल्यांदा ऐकला.